परतीच्या विजेची फिर्याद

यंत्राच्या व्याधींमध्ये यांत्रिक व्याधी ही स्वभावाने सज्जन असते, असे माझे मत होऊन बसले आहे. साखळी तुटली तर ती रस्त्यावर पडलेली दिसते, चाकातील हवा गेली तर तिचा सुस्कारा ऐकू येतो, आणि पिस्टन जाम झाला तर तो साऱ्या पंचक्रोशीला वर्दी देतो. परंतु विजेचा दोष डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि हाताला जाणवलाच तर ज्या रीतीने जाणवतो ती रीत सभ्य गृहस्थाने पुन्हा अनुभवावी अशी नसते. जेथे प्रत्यक्ष प्रमाणाला वाव नाही तेथे मतांना ऊत येतो, हे अध्यात्माइतकेच मोटारसायकलच्या बाबतीतही खरे आहे.

माझी सहा व्होल्टांची जुनी फटफटी एका रंगाऱ्याने दसऱ्यासाठी नखशिखांत काळीभोर रंगवून दिली. झेंडूची माळ घालून, यथासांग पूजा करून ती रस्त्यावर आणली, तेव्हापासून तिला एक विलक्षण विकार जडला. दिवसा ती अत्यंत आज्ञाधारक असे. पण सायंकाळी दिवा लावताच इंजिन आचके देऊ लागे, ब्रेक दाबावा तर हॉर्नचा घसा बसे, आणि चढावर वेग मंदावला म्हणजे दिवा चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी खाली उतरून काचेत डोकवावे लागे. बॅटरीवर संशय घ्यावा, तर हायड्रोमीटरने आम्लाची घनता १.२६ दाखवली आणि मीटरचा काटा सहाच्या पुढे जाऊन उभा राहिला. बॅटरी बाइज्जत सुटली.

अशा अवस्थेत एका संध्याकाळी खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीसमोर, गाडी बंद पडली. चौकशी समिती नेमावी लागली नाही. ती टपरीवर बसलेलीच होती. आपल्या मुलखात बंद पडलेल्या वाहनाकडे पाहत स्वस्थ चहा पिणे हे माणुसकीला सोडून समजले जाते. प्रथम एका ट्रकच्या क्लीनरने दिवा बंद करून प्लग काढला. या बापड्याचा गुन्हा एवढाच, की तो बाहेर असतो आणि एका पान्यात निघतो. सिलिंडरच्या डोक्याला टेकवून किक मारताच त्याने स्वच्छ निळसर ठिणगी दिली व स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध केले. मग एका निवृत्त मास्तरांनी पॉइंटांमधून पोस्टकार्डाचा कोपरा फिरवला, त्यांतील सुमारे चार दशांश मिलिमीटरचे अंतर नुसत्या नजरेने मोजले, आणि निवाडा दिला, "कंडेन्सर गेला आहे."

कंडेन्सर ही वस्तू मोठी सोयीची आहे. पॉइंट उघडताना तेथे ठिणगी पडून ते जळू नयेत, आणि ठिणगीचा मान प्लगकडेच राहावा, यासाठी झटणारी ही बोटाच्या पेराएवढी डबी चहूबाजूंनी बंद असल्यामुळे तिच्यावर केलेला कोणताही आरोप जागच्या जागी खोडून काढता येत नाही. तिसऱ्या एका परोपकारी इसमाने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची तयारी दर्शवली. योग्य वेळी मरणे हे फ्यूजचे एकमेव कर्तव्य असून, चांदीला वेळेवर मरण येईलच याची शाश्वती नसल्याने, मी ती सूचना नम्रपणे नामंजूर केली.

इतक्यात शेजारच्या गॅरेजातील म्हातारे मिस्त्री हात पुशीत आले. त्यांनी काहीच उघडले नाही. एक हातभर वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवाला व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावले आणि मला दिवा लावायला फर्मावले. समोरचे बाभळीचे झाड काट्यांसकट दिसू लागले.

"साहेब, गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "रंग भारी बसलाय."

प्रकार असा, की दिव्याकडे वीज तारेतून जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडी चौकटीतून. आणि ज्या बोल्टपाशी ती चौकटीतून बॅटरीकडे वळते, नेमक्या तेथेच रंगाऱ्याने मन लावून दोन हात दिले होते. गेऑर्ग ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे हिशेब मांडला, तर तीस वॉटच्या दिव्याच्या वाटेत अर्ध्या ओहमचा हा जकातनाका बसल्यास सहापैकी जवळजवळ पावणेदोन व्होल्ट तेथेच कापून घेतले जातात. बारा व्होल्टांच्या गाडीत तेवढ्याच वॉटच्या दिव्याला सव्वा व्होल्टाचीही झीज सोसावी लागत नाही. प्लगची जबानी झाली ती दिवा बंद असताना, मीटरची झाली ती गाडी उभी असताना. वाहतूकच नाही तेथे जकात कसली वसूल होणार! साक्षीदार खरेच बोलत होते. त्यांना भलत्या वेळी विचारले गेले होते.

मिस्त्रींनी बोल्ट काढला, त्याखालचा रंग पांढरे लोखंड दिसेपर्यंत खरवडला, वायरचा लग घट्ट आवळून वर ग्रीसचा हात फिरवला, आणि चहाखेरीज काही घेण्याचे नाकारले. एका किकेत गाडी सुरू झाली. दिवा लखलखला, ब्रेक दाबूनही हॉर्न ठणठणीत वाजला. समितीतील सर्वांनी समाधान व्यक्त केले, फक्त मास्तर तेवढे जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आस्थेने म्हणाले, "आता चालली आहे, ठीक आहे. पण साताऱ्यात पोचल्यावर कंडेन्सर मात्र बदलून घ्या."