ठसका, तोही तिकीट काढून!

ऐकलंत का? लालबागच्या मसाला गल्लीत शिंकायला आता पैसे पडतात! थट्टा नाही. रविवारी सकाळी करी रोड स्टेशनाबाहेर उभं राहा आणि बघा. डोक्यावर हॅट, पाठीला सॅक, हातात स्टीलची बाटली आणि चेहऱ्यावर घनदाट अरण्यात शिरत असल्याचा भाव, अशी पंधरा-वीस माणसं एका छत्रीभोवती गोळा झालेली दिसतील. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री मात्र उघडी. छत्रीखाली गाईड. आणि निघालेत कुठे? बाजारात! पिशवी नाही, यादी नाही, भाव करायची तयारी नाही, आणि बाजारात. रस्त्यात खात खात हिंडलं म्हणून आपल्याला लहानपणी धपाटे मिळाले. तोच गुन्हा ही माणसं आगाऊ बुकिंग करून करतात. काय म्हणावं?

पहिला फोटो स्टेशनाच्या पाटीचा. पाहुण्यांची पक्की समजूत, की इथून पुढे रश्शाचे पाट वाहतात. गाईड बिचारा दर खेपेला सांगतो, की हे नाव १८६५ ते १८७५ या काळात बी. बी. सी. आय. रेल्वेचे एजंट असलेल्या करी साहेबांचं, त्याचा कढईशी संबंध नाही. मंडळी मान डोलावतात आणि फोटोखाली जे लिहायचं तेच लिहितात.

आता क्रॉफर्ड मार्केटचं आपण एक वेळ समजू शकतो. १८६९ सालची दगडी इमारत, दारावर रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या देखरेखीखाली घडवलेली शिल्पं, १८८२ मध्येच आलेली वीज. तिथे मान वर करून बघण्यासारखं काही आहे. लालबागला मान वर केली तर काय दिसतं? उड्डाणपुलाचं पोट! पण नाही, तेही दाखवतात. "हा पूल २०११ चा," असं गाईड सांगतो आणि माणसं त्या पुलाकडेही आदराने बघतात. जे पैसे देऊन बघायचं ते आदरानेच बघावं लागतं, नाहीतर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

पण खरा कहर मसाला गल्लीत. ही गल्ली आपल्याला काय नवी आहे? फेब्रुवारी सरत आला, की घराघरातल्या बायकांच्या अंगात यायचं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि कुणाची जिरवायचीच असेल तर लवंगी. धणे, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, खसखस, हळकुंड. मालवणी घर असेल तर याद्या वेगळ्या, आगरी-कोळी असेल तर त्याहून वेगळ्या, आणि प्रत्येकीच्या मते दुसरीचा मसाला म्हणजे नुसतं लाल पीठ. गच्चीवर मिरची वाळत घालायची, देठं खुडायची, मग बोटांची अशी आग व्हायची, की डोळ्याला हात लावायची सोय नाही. आणि शेवटी डंकापुढे नंबर. लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होताहेत आणि आई समोर ठाण मांडून बसलीय. का? तर आधीच्या बाईची मिरची आपल्यात यायला नको आणि आपला मूठभर मसाला डंकात राहायला नको. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीवर असा पहारा नसेल. तिथे आपल्याला जबरदस्तीने नेलं जायचं, ओझं उचलायला. परत येताना नाक, डोळे, घसा सगळं वाहत असायचं आणि वर ऐकून घ्यावं लागायचं, "एवढंही सोसत नाही का रे तुला?"

त्याच जागी आता काय चाललंय? डंकासमोर अर्धगोल करून माणसं डोळे मिटून उभी! गाईड सांगतो, आवाज ऐका. आणि ऐकतात! कुणी त्या धाडधाडीचं रेकॉर्डिंग करतं, म्हणे रात्री झोप यायला बरं. एका बाईंनी तर मालकाला विचारलं, "हे दिवसभर असंच चालतं, की आमच्यासाठी लावलंय?" मालकाने त्यांच्याकडे असं बघितलं, की लवंगी मिरची लाजावी. मग पहिला ठसका. एकाला लागला, की सगळ्यांना लागतो. आणि खोकून खोकून लालबुंद झालेली ही मंडळी करतात काय? टाळ्या वाजवतात! गाईड म्हणतो, "हे लालबागचं स्वागत." अहो, आपण अख्खा उन्हाळा या स्वागतात काढला, कुणी टाळी वाजवली?

बरं, ज्ञान म्हणाल तर ओसंडून वाहतंय. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, संकेश्वर बेळगावाकडचं, हे सगळं पाठ. चिमूटभर तिखट जिभेवर ठेवून छताकडे बघतात आणि म्हणतात, "आधी जरा धुरकट, मग फळासारखी गोडसर." गोडसर! पाच मिनिटांनी पाण्याची बाटली शोधत पळतात तेव्हा ते फळ कुठे जातं? आणि एवढं सगळं करून खरेदी किती? पन्नास ग्रॅम. काचेच्या बाटलीत, वर सुतळीची गाठ. आपल्या आया पाच-पाच किलो कुटून न्यायच्या, बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवायच्या, आणि दुकानदार त्यांच्याकडे मान वर करून बघत नसे. आज पन्नास ग्रॅमवाल्याला खुर्ची मिळते. पंख्याखाली!

पुढे मार्केटची कुळकथा. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले, पक्क्या जागेसाठी गणपतीला नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये राजा बसला. गोष्ट खरी आहे, आणि खरं सांगायचं तर गाईडचा आवाज इथे छान लागतो. जगभर देवळाभोवती बाजार भरतात, इथे बाजाराने देव बसवला. पण ऐकणाऱ्यांचा प्रश्न काय? "मग राजाचं दर्शन या टूरमध्ये इन्क्लुडेड आहे का?" भाद्रपदात बारा-बारा तास रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानावर हे पडलं तर त्या छत्रीचं काय होईल, सांगता येत नाही.

वडापावाची तर वेगळीच मजा. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ मध्ये वडा पावात घातला, असं सगळेच सांगतात. पण टूरमध्ये वडापावाला पाय फुटतात. गाईड ज्या कोपऱ्यावर उभा असेल, वडापाव त्याच कोपऱ्यावर जन्मलेला असतो. लालबागच्या गाईडचा वडापाव गिरणीच्या दारात जन्मतो, गिरगावच्या गाईडचा गिरगावात, आणि एक दिवस तो ठाण्यातही जन्मेल. खाणाऱ्यांना काय, लसणाची चटणी मिळाल्याशी मतलब. तीही "थोडी कमी तिखट चालेल का?" असं विचारून.

तुम्ही म्हणाल, आपलीच माणसं वेडी झाली. छे, हे वेड जगभर आहे. बार्सिलोनाच्या बोकेरिया बाजारात पाहुण्यांच्या झुंडींनी असा उच्छाद मांडला, की भाजी घ्यायला आलेल्या बायकांना टोमॅटोपर्यंत पोचता येईना. शेवटी २०१५ मध्ये पंधरापेक्षा मोठ्या गटांना शुक्रवार-शनिवारच्या खरेदीच्या वेळी दारं बंद केली. टोकियोच्या त्सुकिजी मासळीबाजारात तर टुनाच्या लिलावात पाहुण्यांनी माशांना हात लावले, एकाने म्हणे चाटलासुद्धा! २००८ च्या डिसेंबरात काही आठवडे त्यांना बंदीच घातली. आता बाजार तोयोसूला गेलाय आणि लिलाव बघायचा तर बराचसा काचेआडून. आपल्या कोळणीसमोर कुणी सुरमई चाटून बघावी, बंदीचा कागद काढायची वेळच येणार नाही. आपल्याकडे बंदी? उलट खुर्च्या मांडून, चहा सांगून, "या, या, अजून येऊ द्या" होईल. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स डबेवाल्यांना भेटून गेले, त्यानंतर डबेवाले व्यवस्थापनाच्या कॉलेजांत व्याख्यानं देऊ लागले, हे विसरलात? साहेबाने बघितलं, की आपल्याला दिसतं.

आणि बाटलेले किती म्हणून सांगावेत! चिवडा गल्लीतला आपला चिवडेवाला. आयुष्यभर त्याने "काय पाहिजे?" आणि "सुट्टे द्या" या दोन वाक्यांवर धंदा केला. चवीला मागितलं तर तीन पोहे आणि एक शेंगदाणा तळहातावर पडायचा. आज त्याच्याकडे लाकडी वाट्या! पातळ पोह्यांचा, मक्याचा, बटाट्याच्या सळीचा, एकेक वाटी पुढे सरकवत म्हणतो, "आमच्या आजोबांनी हा चिवडा सुरू केला." गल्लीत हल्ली सगळ्यांनाच आजोबा फुटलेत. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना आपण विचारलं, तर म्हणाले, "कसले आजोबा? बाबा साच्यावर होते गिरणीत. चिवडा मी मेव्हण्याकडून शिकलो."

गिरणीचं नाव निघालं, की गाईड आवाज उतरवतो. १८ जानेवारी १९८२ चा संप, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. आणि त्याआधीच्या खाणावळी: कोकणातून, घाटावरून आलेले एकटे कामगार, पाळीप्रमाणे झोपणारे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस जणांची ताटं वाढणाऱ्या बायका. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हे ऐकताना छत्रीभोवती कुणी फोटो काढत नाही, एवढं मान्य करायला हवं. थोडा वेळ. मग कुणीतरी विचारतं, "त्या ताटात नेमकं काय काय असायचं?" आणि सगळ्यांना पुन्हा भूक लागते.

ही भूक भागवायला काकू आहेत. कुठल्या काकू विचारू नका, प्रत्येक चाळीत एक आहेच. सुरुवातीला गॅलरीतून ओरडायच्या, "काय मेलं बघायचंय इथे? कधी चाळ बघितली नाही?" आता टूरचा शेवटचा थांबा त्यांच्याच खोलीत! कोंबडी-वडे, सोलकढी, वर तळलेला बोंबील. जेवण वाढता वाढता टीव्हीवरच्या कपाटातला सासूबाईंचा फोटो दाखवून म्हणतात, "ही रेसिपी यांची." ज्या सासूबाईंच्या हातचं मीठसुद्धा काकूंना कधी पटलं नाही, त्या सासूबाईंची! पाहुणे गहिवरतात, फोटोला नमस्कार करतात. काकू डोळ्याला पदर लावतात. कांद्यामुळे असेल.

पाहुणे तरी कोण? परदेशी दोन-चार. बाकीचे समोरच्या टॉवरमधले. श्रीनिवास मिलच्या जागेवर, अपोलोच्या जागेवर जे मनोरे उभे राहिले, तिथल्या चाळिसाव्या मजल्याच्या खिडकीतून जी गल्ली रोज दिसते, ती जवळून बघायला हे लोक तिकीट काढतात. लिफ्टने खाली उतरले तर फुकट आहे हो! पण मग स्टोरी कोण सांगणार?

आणि सगळ्यांत खमंग जात कुठली, माहीत आहे? खोली विकून बदलापूरला, विरारला, डोंबिवलीला गेलेले. हो, आपलेच! ते येतात तिकीट काढून, आणि आल्यापासून गाईडला दुरुस्त करतात. "इथे नाही, पलीकडे होता तो इराणी." "डंक? हे कसले डंक, आमच्या वेळी…" "भारतमाताला आम्ही एकच पिक्चर किती वेळा बघितला, विचार!" गाईड दोन वाक्यं बोलतो, हे दहा बोलतात. शेवटी पाहुणे छत्री सोडून यांच्यामागे चालू लागतात आणि गाईड मागून वही काढून टिपणं घेतो. पुढच्या रविवारी तीच टिपणं त्याच्या आजोबांच्या आठवणी म्हणून ऐकायला मिळतात.

तुम्ही हसताय? तोंडाला रुमाल बांधून छत्रीच्या मागे मागे चालणारे ते कोण होते मग? लाडू सम्राटाच्या दारात आपली गाठ पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पुण्याचे पाहुणे आलेत, त्यांना दाखवायला आलो." कुठे होते पाहुणे? आम्हीही तेच म्हणालो, तेव्हा तुम्हीही आमचे पाहुणे शोधले नाहीत, हा तुमचा मोठेपणा. दोघांच्याही हातात काचेची बाटली होती. सुतळीची गाठवाली.

आता ऐकतोय, की पावसाळ्यात सुक्या बोंबलाचा खास वॉक निघणार आहे. जळो मेलं ते वेड! तरी आपण काकूंना फोन करून सहज विचारलं, की पुढच्या रविवारी ओळखीत एखादं ताट लावता येईल का. काकू म्हणाल्या, "ओळखीतलेच तर सगळे येतात रे! तिकीट काढ."