कट्ट्यात का किलोत?

आमच्या काकांनी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मुनीम म्हणून उभी हयात काढली. जप्त केलेल्या हार्डडिस्कमधून पुरावा शोधणाऱ्या प्रोग्रामांच्या माहितीपुस्तिका मी लिहितो, हे त्यांना समजावता समजावता दोन दिवाळ्या गेल्या.

"मंग त्या वाचते कोन?"

"आता माणसं फारशी नाही वाचत, काका. एआय एजंट वाचतात."

काका गप्प झाले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "ऐकलं का? याचं लिहिलेलं मानूस वाचत नाही म्हंते."

माझ्या वाट्याला 'द स्लूथ किट' आलं होतं. ब्रायन कॅरियर यांनी उभारलेला हा हत्यारांचा संच. त्यातल्या हत्यारांची नावं एमएमएलएस, एफएलएस, आयकॅट अशी. बारसं झालं तेव्हा स्वर फार महाग असावेत. पहिलं डिस्कचे भाग कुठून सुरू होतात ते सांगतं, दुसरं हटवलेल्यांसकट फायलींची यादी देतं, तिसरं फाईलमधला मजकूर ओतून दाखवतं. जुन्या तपासनिसाला हे सवयीने येतं. एजंट मात्र नव्या जावयासारखा. भाजीत मीठ नसलं तरी मागायचा नाही. जे वाढलं ते निमूट खाणार आणि वर "छान झालंय" म्हणणार.

मी लिहिलं होतं, "एफएलएसला ऑफसेट द्या." ऑफसेट म्हणजे डिस्कचा भाग कुठून सुरू होतो तो आकडा, सेक्टरमध्ये. द्या म्हटलं, त्याने दिला. डिस्कचा पहिला भाग बहुधा 2048व्या सेक्टरपासून सुरू होतो. सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे 10,48,576 बाइट. एजंटने गुणाकार अचूक केला आणि हाच आकडा सेक्टर म्हणून दिला. 512 पट पुढे जाऊन तो त्या भागाच्या पोटात कुठेतरी उतरला. इथे फाइल सिस्टिम ओळखता येत नाही, अशी तक्रार हत्याराने केलीसुद्धा. पण तक्रारी वेगळ्या वाटेने बाहेर पडतात आणि आमचा एजंट फक्त पुढचं दार बघत बसला होता. तिथून काहीच आलं नाही. अहवाल आला: "हटवलेल्या फायली: 0." टंकलेखन सुबक, परिच्छेद नीट.

सुट्टीत घरी आलो तेव्हा माझ्या त्या पानाची आणि एजंटच्या अहवालाची छापील प्रत काकांपुढे ठेवली. चष्मा पुसून त्यांनी ती धानाच्या पावतीसारखी वाचली. मग बोट ठेवलं.

"हे 2048 कट्ट्यात का किलोत?"

आमच्याकडे धानाचा कट्टा चाळीस किलोचा. कट्ट्याच्या रकान्यात किलो लिहिणारा मुनीम दुसऱ्या दिवशी मिलमध्ये दिसत नाही. मी पगारासह टिकून होतो.

"अन् हा शून्य? मोजून लिहिला का तसाच?"

या प्रश्नाने मात्र मी खाली बघायला लागलो, कारण त्यांना जूनमधली ती सकाळ आठवली होती. महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदियाचंच नाव निघतं आणि त्यांची गणना पहाटेच करावी लागते, कारण उजाडलं की ते रातथाऱ्यावरून उठून बांध्यांमध्ये पांगतात. मी तलावावर आठला पोचलो, चहा प्यालो आणि कागदावर ऐटीत 0 लिहिला. परतीच्या वाटेवर काकांनी एका बांधीकडे बोट दाखवलं. माणसाएवढा उंच पक्षी, तोही जोडीने.

"शून्य म्हंजे पाहून आलो, नाही," काका म्हणाले. "पाहिलंच नाही तर जागा कोरी सोडाची."

मग पुराव्यासोबतच्या सहीचा मुद्दा निघाला. जालन्याचं प्रकरण काकांना ठाऊक होतं: 2014ची विधानसभा, उमेदवारी अर्ज दुपारी 3च्या नंतर दिल्याचा आरोप, आणि पुराव्याला निवडणूक कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये तर त्या प्रमाणपत्रात पुराव्याचा हॅश, म्हणजे त्याचा डिजिटल ठसाही लिहावा लागतो आणि तज्ज्ञाची वेगळी सही लागते.

"सही तो एजंट करते का?"

"नाही. माणूस करतो."

"मंग मानसालेच वाचू दे ना बापा तुझं पुस्तक!"

ते पान मी नव्याने लिहिलं. आकडा सेक्टरमध्ये, बाइटमध्ये नव्हे. तक्रारीची वाटही वाच. काही आलं नाही तर 'सापडलं नाही' आणि 'बघता आलं नाही' यांतलं कोणतं ते सांग. कळत नसेल तर थांब आणि विचार.

एजंट आता थांबतो. खरोखरच्या रिकाम्या फोल्डरपाशीसुद्धा थांबतो. परवा जेवताना माझा फोन इतक्यांदा वाजला की काकूला वाटलं, मुलीकडचे आहेत.

काका मात्र खूश आहेत. "नवा पोरगा बरा आहे, विचारते तरी," असं ते कुणालाही सांगतात. पुढच्या गणनेसाठी त्यांनी घरच्या वहीत माझ्या नावापुढे एक जादा रकाना आखून ठेवलाय: 'किती वाजता आला.'