कापूस म्हणा, केळी म्हणा

2020 पर्यंत पाचोरा ते जामनेर धावणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘पीजे’ रेल्वेगाडीने सुमारे 56 किलोमीटरच्या प्रवासात कधी कुणाला घाई केली नाही. त्याच जामनेरच्या पोरांना बास्केटबॉलचा नियम बजावतो: चेंडू हाती आला की 8 सेकंदांत अर्धं मैदान ओलांडा, 24 सेकंदांत बास्केटवर फेका. पोरं नियमाच्याही पुढची. त्यांना सगळं पहिल्या चार सेकंदांतच उरकायचं असतं.

तालुक्याच्या कॉलेजातला फास्ट ब्रेक बघण्यासारखा असतो. रिबाउंड मिळाला रे मिळाला की चौघे धूम ठोकतात आणि पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे समोरच्या रिंगखाली दाटीवाटीने उभे राहतात. ‘बॉल दे ना भो!’ हा गजर चौघांचा, एकाच जागेवरून. चेंडू मात्र 28 मीटर लांबीच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, रिबाउंड घेणाऱ्याच्या हातात.

सर फळ्यावर तीन उभ्या रेघा ओढतात. पहिला पास बाजूच्या रेषेकडे सरकलेल्या गार्डला. तो चेंडू मधल्या लेनमध्ये आणणार. दोघं विंगर दोन्ही कडांना चिकटून पळणार आणि फ्री थ्रोच्या रेषेच्या पातळीवर आले की रिंगकडे तिरके वळणार. चौथा मागून येणार, पाचवा राखणीला थांबणार. समोर दोनच बचाव करणारे असले तर आपले तीन, म्हणजे एक मोकळा राहणारच. हिशोब सगळ्यांना पटतो. पाचवा व्हायला मात्र कुणी तयार होत नाही, आणि मधल्याने फ्री थ्रोच्या रेषेवर थांबायचं असतं, हे त्याला रेषा ओलांडल्यावर आठवतं.

एवढी घाई मुळात आली कुठून? 22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेत फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. चेंडू नुसता धरून ठेवायचा, एवढाच डाव. प्रेक्षक कंटाळले. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी मग आकडेमोड केली: सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद; चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून फटके साधारण 120. भागाकार 24. 1954 पासून एनबीएत हे घड्याळ लागलं. पुढे 1989-90 मध्ये पॉल वेस्टहेड यांच्या लोयोला मेरीमाउंट या कॉलेज संघाने पळापळीच्या जोरावर सामन्याला सरासरी 122.4 गुण काढले. हा आकडा सरांनी पोरांना सांगायला नको होता.

ब्रेक फसला की उरतात ठरवलेले डाव. पिक अँड रोलवर युटा जॅझच्या जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन या जोडीने 18 हंगाम काढले. एकाने बचाव करणाऱ्याच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, चेंडूवाल्याने त्याच्या खांद्याला घासून निघायचं, मग उभ्या असलेल्याने गिरकी घेऊन रिंगकडे सुटायचं. अट एकच, उभं राहणाऱ्याने हलायचं नाही. इथे उंच गडी बहुधा कबड्डीतून आलेला असतो. समोरचा अंगाजवळून जाऊ लागला की त्याचे हात आपोआप कमरेला विळखा घालतात. पंचांची शिट्टी वाजते आणि पकड इतकी चोख असूनही फाउल का, हे त्याला कळत नाही.

शिवाय गुपित टिकत नाही. समोरच्या संघात कुणाचा ना कुणाचा आतेभाऊ असतोच, आणि सरांनी दोन बोटं दाखवली की काय होणार हे त्याला पाठ असतं. म्हणून खुणा बदलल्या जातात: ‘कापूस’ म्हणजे पिक अँड रोल, ‘केळी’ म्हणजे पास देऊन लगेच रिंगकडे पळणं. ऐन सामन्यात सर जिवाच्या आकांताने ‘कापूस! कापूस!’ ओरडतात आणि प्रेक्षकांतून कुणीतरी विचारतं, ‘काय भाव लागला, सर?’