बॅगकाका

डोंबिवलीतल्या सोसायटीत सेक्रेटरी नसला तरी चालतं, बॅगकाका लागतात. बँकेतून निवृत्त, मुलगी न्यू जर्सीला आणि दारामागच्या खिळ्याला टांगलेला ताणकाटा. कुणाचं तिकीट निघाल्याची कुणकुण लागली की काका काट्यासकट हजर.

‘किती भरली? तेवीस किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. काउंटरवर चारचौघांत बॅग उघडून चकल्या काढायच्यात का?’

पहिली धाड खोबऱ्याच्या वाट्यांवर. ‘तेल असतं त्यात, पेट घेतं. विमानात चालत नाही.’ आजींचा चेहरा पडतो, वाट्या परत डब्यात जातात. पॉवर बँक मोठ्या बॅगेतून हातातल्या पिशवीत येते.

मग काकांचा लाडका विषय. ‘टॅगवरची तीन अक्षरं वाच. डेन्व्हरला जायचंय ना? मग डी-ई-एन हवं. फ्रँकफर्टला बॅगेची चौकशीसुद्धा करायची नाही. पण नेवार्कला उतरलास की पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. टॅग डेन्व्हरचा असला तरी! अबुधाबीवरून गेला असतास तर अमेरिकेची तपासणी तिथेच उरकली असती. आणि स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असशील, तर काउंटरवर आधी विचार, बॅग पुढे जाणार की तूच ती ओढत नेणार.’

हा संशय लोकलमधला. पस्तीस वर्षं काकांनी बॅग रॅकवर ठेवली, पण ठाणं गेलं की एकदा वर बघायचं आणि घाटकोपर गेलं की पुन्हा. विमानात वर बघून उपयोग नाही, हे त्यांचं खरं दुःख.

ओळखायला सोपी जावी म्हणून हँडलला लाल रिबन बांधायची, हा काकांचाच शोध. त्यांचे शिष्य आता इतके झालेत, की नेवार्कच्या पट्ट्यावर लाल रिबिनीची बॅग दिसली की चार डोंबिवलीकर एकदम झेपावतात.

बॅग आलीच नाही तर? ‘तक्रार लिहून नंबर घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडायचं नाही. फुटली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, मॉन्ट्रियल करार आहे १९९९चा.’ घरात पासपोर्ट सापडत नसताना हा करार ऐकावा लागतो, पण माहिती पक्की असते.

तुमच्याकडचे काका दोन दिवस आधीच बोलवा. आदल्या रात्री आले तर सगळी बॅग पुन्हा भरायला लावतात.