आधीच ठरलंय हो!

मुंज, वास्तुशांत, बारसं. आमंत्रण टाळायचं तर मराठीत साक्षीपुरावे लागतात. 'जमणार नाही' म्हटलं, की काकू विचारणारच, 'का रे, कुठे जायचंय? कोणाकडे? आम्हाला नाही बोलावलं ते!' तेच 'सॉरी, आय हॅव अ प्रायर एंगेजमेंट' म्हणा, उलटतपासणी बंद. (एखादी काकू तरीही मुलगी कुठली ते विचारते.)

इंग्रजीची ही ढाल ऑफिसातही चालते. तिथे 'आय हॅव टू' म्हणणारा कुरकुरत का होईना, काम करतो. 'आय अ‍ॅम सपोज्ड टू' म्हणणारा ते काम आपल्याला कुणीतरी सांगितलं होतं, एवढंच कळवतो. बढती दुसऱ्याला मिळते.

ऑस्कर वाइल्डच्या 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'मधल्या लॉर्ड हेन्रीला आमंत्रण टाळायला नंतर ठरलेल्या कामाची सबब फार गोड वाटते. ही १८९० सालची थट्टा. आपल्याकडे आता तो शिरस्ता आहे: आधी फोन येतो, मग मोबाइलच्या कॅलेंडरात ती संध्याकाळ भरते.

तेव्हा यजमानहो, केटररला पानं सांगताना 'आय विल ट्राय' म्हणणाऱ्यांना धरू नका.