सातबाऱ्यावर नाव नसलेले कूळ

रत्नागिरीला पाळतीची परंपरा जुनी आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली येथे आणला गेला, १९१० मध्ये सिद्ध झालेल्या वाड्यात राहिला आणि १९१६ मध्ये येथेच निवर्तला. त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने एक पोलीस अंमलदार खास नेमला होता. अशा गावात बसून मी लिनक्सच्या कर्नलवर पाळत ठेवणाऱ्या साधनाची डागडुजी करून पोट भरतो, यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही. तरी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या अण्णांना या व्यवसायाचे प्रयोजन अद्याप पटलेले नाही.

हे साधन म्हणजे एलटीटीएनजी. २००५ साली माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याचा जन्म झाला. कर्नलने कोणत्या क्षणी कोणती फाइल उघडली, कोणत्या प्रक्रियेला केव्हा पाळी दिली, हे सारे कर्नलच्या कामात फारसा खोळंबा न करता ते टिपून ठेवते. त्यासाठी त्याची मॉड्यूल्स कर्नलच्या पोटात शिरून बसतात. मात्र त्यांचा सोर्स कर्नलच्या मूळ दप्तरात नाही, आणि सगळी विपत्ती येथेच उगम पावते. वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे; परंतु ही अभयवाणी बाहेरच्या रयतेसाठी. आतल्या व्यवस्थेविषयी कर्नलचे एक प्रमुख सांभाळकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच कागदपत्रांत स्वतंत्र टिपण लिहून ठेवले असून, आतले व्यवहार कायम एका रीतीचे ठेवण्याच्या मागणीला त्यांनी फाइलीच्या नावातच ‘नॉनसेन्स’ म्हटले आहे. सोर्स मूळ दप्तरात दाखल करा, नाहीतर आपले आपण निस्तरा, असा त्याचा मथितार्थ.

निस्तरणे म्हणजे काय, ते टाळेबंदीच्या २०२० सालाने पुरेपूर दाखवून दिले. मार्चमध्ये कर्नलची ५.६ ही आवृत्ती आली आणि कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’च्या फाइलींसाठी वर्षानुवर्षे चालत आलेला ‘फाइल-ऑपरेशन्स’चा नमुना रद्द होऊन ‘प्रॉक-ऑप्स’ नावाचा नवा नमुना जारी झाला. कंपायलरने पानेच्या पाने भरून तक्रारी नोंदविल्या. ती प्रकरणे निकालात निघतात न निघतात तोच ५.७ ने ‘कॉलसिम्स-लुकअप-नेम’ हे फंक्शन मॉड्यूल्सना बंद केले. नाव सांगावे आणि कर्नलमधल्या कोणत्याही फंक्शनचा पत्ता मिळवावा, अशी ती सोय होती, आणि तिचा दुरुपयोगही होत असे, हे मान्य केलेच पाहिजे. यावर जो तोडगा निघाला, त्याचे मला आजही कौतुक वाटते. त्या बंद केलेल्या फंक्शनच्याच नावावर एक केप्रोब, म्हणजे कर्नलच्या फंक्शनवर नजर ठेवणारा पहारेकरी, बसवावयाचा. बसविताना कर्नल त्याचा पत्ता स्वतः शोधून रकान्यात भरतो. तो पत्ता टिपून घ्यावयाचा आणि केप्रोब तत्काळ उठवावयाचा. कचेरीने नक्कल नाकारावी आणि कचेरीच्याच शिपायाने ती घरपोच आणून द्यावी, असा हा मासला.

लिनक्सच्या वितरकांचा उपद्रव निराळाच. नव्या कर्नलमधील दुरुस्त्या ते जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये आणून बसवितात. त्यामुळे आवृत्ती पाहून जुना किंवा नवा मार्ग निवडणारी आमची कलमे साफ फसतात आणि रेड हॅटसाठी वेगळी, उबंटूसाठी वेगळी अशी पोटकलमे लिहीत बसावे लागते.

मध्यंतरी वीज गेली असता अण्णा ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी हा सारा वृत्तान्त तपशीलवार ऐकून घेतला.

“म्हणजे तुझं हे मॉड्यूल कसणारं कूळ, पण सातबाऱ्यावर नाव नाही. बरोबर?”

“अगदी बरोबर, अण्णा.”

“फेरफार करण्यापूर्वी नोटीस काढतात की नाही?”

“नोटीस कसली? पाठवलेले बदल सगळ्यांना वाचायला खुले असतात. ज्याचे त्याने बघून घ्यायचे.”

“मग तक्रारीला जागाच नाही,” अण्णांनी निकाल दिला. “आणि पुढचा कर्नल कधी?”

“नऊ-दहा आठवड्यांनी.”

“म्हणजे तारीख पडली म्हण की,” असे म्हणून अण्णांनी अडकित्ता उचलला.