मुक्काम पोस्ट दुर्गम

समुद्रात भराव टाकून निर्माण केलेल्या भूमीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या ठायी पर्वतांविषयी जी अनिवार ओढ असते ती सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेल्या माणसास कळणे कठीण. कारण डोंगर हा त्याच्या लेखी उतरून येण्याचा विषय असतो आणि आमच्या लेखी चढून जाण्याचा. आमचे कॉटन ग्रीन हे पोर्ट ट्रस्टने गेल्या शतकाच्या आरंभी माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर घातलेल्या भरावाचे अपत्य. पुढे येथे कापसाच्या वखारी आल्या, कापूसबाजाराची हिरवी इमारत उभी राहिली, हार्बरच्या गाड्या धावू लागल्या. परंतु भूगोलाच्या दृष्टीने पाहता या प्रांतातील सर्वोच्च शिखर म्हणजे रेल्वेचा पादचारी पूल होय, आणि त्याचे जिने चढताना ज्यांना धाप लागते अशाच मंडळींनी यंदा दुर्गम पर्वतप्रदेशात मोटारीने मुक्काम करीत हिंडण्याचा संकल्प सोडला.

पहिली बैठक अण्णांच्या खोलीत भरली. अण्णांनी उभी हयात गोदामातील आवकजावक लिहिण्यात घालविली असल्यामुळे, ज्या गोष्टीची नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी त्यांची पक्की धारणा आहे. चहा येण्यापूर्वीच त्यांनी कोऱ्या वहीवर ‘पर्वतप्रवास, दप्तर पहिले’ असे ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते. मोटार त्यांच्या पुतण्याची, म्हणून पहिली दरखास्त मांडण्याचा मानही त्याचाच. त्याने लडाख सुचविले. खारदुंग ला या खिंडीतील जुन्या फलकावर उंची १८,३८० फूट लिहिली असली तरी मोजणीत ती १७,५८२ फूट भरते, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि तेथेच त्याचा घात झाला.

“म्हणजे आठशे फुटांची तूट?” अण्णांनी चष्मा कपाळावर चढविला.

गोदामात कापसाची एक गाठ कमी भरली तर चौकशी बसत असे. येथे आठशे फूट डोंगर दप्तरातून गहाळ होतो आणि दाद ना फिर्याद! रुजवात होईतो त्या मुलखात पाऊल टाकणे त्यांना प्रशस्त वाटेना. लडाख नामंजूर झाल्यावर सह्याद्री मात्र बिनविरोध मंजूर झाला, याचे कारण त्याची उंची कोणीच सांगितली नाही.

मार्गाचा मसुदा मी तयार केला. शिवडीहून निघणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाल्यापासून आमच्या वस्तीस अकस्मात प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. पूर्वी जगातून कॉटन ग्रीनला येता येत असे, आता कॉटन ग्रीनमधून जगात जाता येते. सेतूवरून पनवेल, तेथून महाड, पोलादपूर, पुढे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मग कोयनेच्या खोऱ्यात तापोळे, तेथे तराफ्यावर मोटार चढवून बामणोलीच्या बाजूस उतरणे, कासच्या पठारावरून सातारा आणि परत, असा तो मार्ग होता. अण्णांच्या धाकट्या बंधूंना घाटात मोटारीत बसले की पोटात ढवळते, म्हणून त्यांनी मागून स्कूटरवर येण्याची तयारी दर्शविली. परंतु सेतूवर दुचाकीस मज्जाव असल्याचे निष्पन्न होताच त्यांना मोटारीतील पुढची, खिडकीलगतची, सर्वांत रमणीय जागा बहाल करावी लागली. निसर्गसौंदर्याचा उत्कृष्ट लाभ ज्याला मळमळते त्यालाच व्हावा, हा न्याय मला आजतागायत उमगलेला नाही.

मसुद्यास भारदस्तपणा यावा म्हणून मी त्यास ऐतिहासिक प्रस्तावना जोडली होती. हा प्रदेश जावळीच्या मोऱ्यांचा. आपल्या रानात शिरलेला शत्रू परतत नाही, या चंद्ररावांच्या भरवशास १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी धक्का दिला, आणि पुढे १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच रानात प्रतापगडाखाली अफझलखानाचा प्रवास संपला. खानाने येण्याचा बंदोबस्त चोख ठेवला होता, जाण्याचा विचार केला नव्हता. तेव्हा परतीच्या पेट्रोलचा हिशेब आधी व्हावा, असा निष्कर्ष अण्णांनी त्यातून काढला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तर थंड हवेची आपली हौस भागविण्यासाठी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन बदल्यात महाबळेश्वर घेतले. मजजवळ मोबदल्यात देण्यासारखी एक किरकोळ रजाच काय ती शिल्लक होती.

दुर्गम हा शब्द एकदा दप्तरात शिरला आणि मग सामानास धरबंध राहिला नाही. दोर, शिट्टी, बॅटरी, मेणबत्त्या, बॅटरी न चालल्यास काड्यापेटी, काड्यापेटी ओली झाल्यास लायटर. वहिनींच्या बाजूने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, आवळासुपारी, आल्याच्या वड्या आणि, उपवास निघाल्यास, साबुदाणा. आमच्या सौभाग्यवतींनी निर्मनुष्य प्रदेशात कोणी भेटलेच तर रिकाम्या हाताने जाणे बरे नव्हे म्हणून बेसनाच्या लाडवांचा स्वतंत्र डबा मंजूर करून घेतला. अण्णांनी ‘निर्मनुष्य’ आणि ‘कोणी भेटलेच तर’ या दोन कलमांतील विसंगतीकडे लक्ष वेधले, पण लाडवांवर शेरा मारण्याइतके ते अविचारी नव्हते.

या सर्व घालमेलीत मुकादम दाराशी येऊन उभे राहिले. मुकादम म्हणजे वखारीतील माथाडींच्या एका टोळीचे जुने प्रमुख. १९६९ चा माथाडी कायदा होण्यापूर्वीचे दिवस पाहिलेले, डोक्यावरून किती ओझे वाहिले याचा विचारही न करणारे गृहस्थ. त्यांनी जमिनीवर पसरलेला नकाशा उभ्याउभ्याच न्याहाळला, आणि जेथे मी तांबड्या शाईने ‘अतिदुर्गम, विशेष खबरदारी’ असे लिहिले होते त्या जागेवर पायाचा अंगठा नेऊन म्हणाले, “मास्तर, ह्ये आमचं घर.”

क्षणभर सभा निःशब्द झाली.

“तिथपर्यंत पोहोचता कसे?” पुतण्याने विचारले.

“आवं, तापुळ्यापातूर एस्टी जाती की. फुडं लाँच, मग उलीसं चालायचं. म्हातारी जाती, पोरं जात्यात. शिमग्याला तर उभं ऱ्हायाला जागा नस्ती.”

अण्णांनी निमूटपणे वही पुढे ओढून ‘अतिदुर्गम’ या शब्दावर काट मारली. कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव, लालबाग, परळ या साऱ्या मुलखातील वखारी नि गिरण्या ज्यांच्या खांद्यांवर चालल्या त्यांतली कितीतरी माणसे याच डोंगरांतून उतरली, हे आम्ही जन्मभर जाणत होतो. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. परंतु ती माणसे जेथून आली ते ठिकाण आणि आम्ही जेथे साहसास निघालो ते ठिकाण एकच असावे, ही शंका नकाशा पाहून आमच्यापैकी कोणासही आली नव्हती.

वार्ता दुसऱ्या दिवशी नळावर पोहोचली आणि मोहिमेचे स्वरूप पालटले. मुकादमांच्या धाकट्या बहिणीकडे वाइंडिंग करून आणलेली पंपाची मोटर पोहोचवायची होती. तळमजल्यावरच्या आजींनी बामणोलीच्या लेकीसाठी बाळंतविडा धाडला. कोणी लग्नपत्रिका दिल्या, कोणी सातबाऱ्याचा उतारा आणण्याचे मुखत्यारपत्र देऊ केले, आणि एका गृहस्थाने तर मुलास दाखविलेल्या स्थळाची गुप्त चौकशी आमच्यावर सोपविली. माझा मार्ग मी सूर्यास्त, दऱ्या आणि धबधबे यांच्या अनुरोधाने आखला होता; तो आता मोटर, पत्रिका आणि सोयरीक यांच्या अनुरोधाने नव्याने आखला गेला. माझे तीन सूर्यास्त रद्द झाले. एका धबधब्यास, तो बाळंतविड्याच्या वाटेवर पडत असल्यामुळे, तात्पुरती सवलत मिळाली.

मुहूर्ताचा पेच मात्र सुटेना. कासची फुले पाहावी तर भाद्रपदात. पण लालबागच्या हाकेवर राहणाऱ्याने गणपतीत गाव सोडावे, हे संभवत नाही. विसर्जन झाले की पितृपंधरवडा, त्यात शुभकार्यास निघू नये; तो संपताच वहिनींचे घट बसणार, आणि घट उठेपर्यंत पठारावर फुलांचा बहर ओसरू लागणार. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तेथे बहरात रोजच्या माणसांची संख्याही ठरलेली. आयत्या वेळी दार ठोठावण्याची सोय नाही.

“पंधरवड्यातच जावा,” मुकादम म्हणाले. “माझं बी एक काम हुईल.”

काम असे होते. कोयनेचे धरण झाले तेव्हा त्यांच्या आजोबांचे जुने घर शिवसागराच्या पाण्याखाली गेले. आता डोंगरात आहे ते नंतर वर सरकून बांधलेले. आजोबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. तराफा मध्यावर आला की आजोबांच्या नावाने एक पान पाण्यात सोडावे, एवढेच मुकादमांचे म्हणणे. नेमके कोठे, असे अण्णांनी विचारले, कारण पोच नोंदवायची होती.

“तराफेवाल्याला इचारा. त्येचं घर आमच्या शेजारीच हाय. खालीच.”

ज्या जलाशयाच्या छायाचित्रासाठी मी पुतण्याकडून खास कॅमेरा उसना घेतला होता, त्याविषयी मी त्या संध्याकाळी अधिक काही बोललो नाही. अण्णांनी ‘पितृकार्यानिमित्त रवानगी’ असा मथळा घातला, वहिनींनी ज्यात दोष काढता येणार नाही असा मुहूर्त म्हणून तो मान्य केला, आणि तारीख मुक्रर झाली.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान मोटारीत भरून पाहिले तेव्हा एक माणूस जास्त होत असल्याचे उघडकीस आले. पंपाची मोटर उतरविणे शक्य नव्हते. बाळंतविडा उतरविणे त्याहून अशक्य. धाकट्या बंधूंची जागा पोटाच्या हक्काने कायम. तेव्हा ज्याचे त्या डोंगरांत काहीही काम नाही अशा इसमाने उतरावे, असा ठराव अण्णांनी वाचून दाखविला. आणि केवळ सौंदर्य पाहण्यासाठी निघालेला इसम मंडळात एकटाच असल्यामुळे मतमोजणीची आवश्यकता भासली नाही.

“मास्तर, तुमी एस्टीनं या,” मुकादमांनी धीर दिला. “खिडकी मिळती.”

मोटारीत न मावलेले लाडू, लग्नपत्रिका आणि द्रोणासकट पान माझ्या पिशवीत आले. पहाटे परळच्या आगारात चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन मी महाबळेश्वरची आणि पुढे तापोळ्याची गाडी विचारली. आतल्या गृहस्थांनी वेळापत्रकावरून मान वर केली.

“तापोळं? कुणाकडं?”

“मुकादमांच्या बहिणीकडे,” मी म्हणालो. “मोटर पुढे गेली आहे.”